चिलर आणि पगारपत्रक एकाच स्विचवर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मोठ्या इमारतीतील वातानुकूलन, हवा खेळवणारे पंखे, पंप, दिवे, विजेचे मीटर यांवर नजर ठेवणारी आणि त्यांना चालू-बंद करणारी यंत्रणा असते. तिला सगळे बीएमएस म्हणतात. एके काळी ती स्वतःच्या तारांवर, तळघरातल्या एका संगणकावर चालायची. आता ती कंपनीच्या संगणक जाळ्यात मिसळू लागली आहे. ज्या स्विचला (जाळ्याच्या केबली एकत्र जोडणाऱ्या पेटीला) हिशेब विभागाचे संगणक जोडलेले आहेत, त्याच स्विचला चिलरचा, म्हणजे वातानुकूलनासाठी पाणी थंड करणाऱ्या यंत्राचा, कंट्रोलरही (त्याला आज्ञा देणारा छोटा संगणक) जोडलेला असतो. ‘स्मार्ट इमारत’ म्हणून याचे कौतुक पुष्कळ होते. त्या कौतुकाला आमची हरकत नाही, कारण फायदे खरे आहेत. दुसरी केबल ओढावी लागत नाही, वीजवापराचे आकडे जागच्या जागी मिळतात, बैठकीची खोली रिकामी असेल तर तिथली हवा आपोआप कमी होते.

आमची तक्रार वेगळी आहे. ही जोडणी बहुतेक ठिकाणी कोणी बसून ठरवलेली नसते, ती होऊन जाते. पॅनेलजवळ मोकळा नेटवर्क पॉइंट दिसतो, कंत्राटदाराला काम उरकायचे असते, कोणीतरी केबल खोचतो, स्क्रीनवर आकडे दिसतात आणि सगळे समाधानाने घरी जातात. त्या क्षणापासून इमारतीत असा एक रस्ता तयार होतो, जो ना आयटी विभागाच्या नकाशावर असतो ना देखभाल विभागाच्या. बिघाड झाला की दोन्ही विभाग एकमेकांकडे बोट दाखवतात, आणि तोवर पंप बंदच असतो.

जुन्या रचनेत मजल्यांवरचे कंट्रोलर आरएस-४८५ च्या दोन तारांवर एकामागे एक ओवलेले असत. एका लायनीवर साधारण ३२ उपकरणे, दोन्ही टोकांना १२० ओहमचे रोध, वेग ९६०० ते ७६८०० बिट प्रति सेकंद. या तारेवरची भाषा बहुधा मॉडबस किंवा बॅकनेट. मॉडबस १९७९ सालचा, बॅकनेटचे मानक १९९५ सालचे. दोन्ही आखताना एकच गोष्ट गृहीत धरली होती, की या तारेवर जो कोणी आहे तो आपलाच आहे. तार भिंतीआड होती तोवर हे चालून गेले. पुढे दोन्ही भाषा आयपीवरून, म्हणजे ऑफिसच्याच जाळ्यावरून बोलता येऊ लागल्या. गृहीत मात्र तेच राहिले.

बॅकनेट आयपीचे संदेश यूडीपी या संदेशपद्धतीच्या ४७८०८ या पोर्टवरून, म्हणजे क्रमांक दिलेल्या दारावरून, जातात. जाळ्यातला कोणताही संगणक ‘कोण आहे?’ असा पुकारा करू शकतो आणि सगळे कंट्रोलर आपापला क्रमांक सांगतात. मग ‘हा व्हॉल्व्ह १०० टक्के उघड’ असा संदेश पाठवला की कंट्रोलर तो मानतो. बोलणारा कोण आहे हे तो विचारत नाही. कंट्रोलर रीस्टार्ट करण्याच्या किंवा त्याला गप्प बसवण्याच्या आज्ञेला पासवर्डची सोय आहे, पण ती ऐच्छिक आहे, आणि तो पासवर्डही उघड्या अक्षरांत तारेवरून जातो.

याहून कमी लोकांना ठाऊक असलेली गोष्ट म्हणजे प्राधान्याच्या पायऱ्या. बॅकनेटमध्ये पंखा, पंप, व्हॉल्व्ह अशा आज्ञा घेणाऱ्या आउटपुटला १६ पायऱ्यांची यादी असते. १ आणि २ जीवसुरक्षेसाठी, ५ महत्त्वाच्या यंत्राच्या संरक्षणासाठी, ६ यंत्राच्या किमान चालू-बंद वेळेसाठी, ८ ऑपरेटरच्या हस्तक्षेपासाठी. नेहमीचा प्रोग्राम याच्या खालच्या पायऱ्यांवर लिहितो आणि पायरी न सांगता लिहिले तर ते १६ वर जाते. वरच्या पायरीवर लिहिलेली किंमत ‘नल’ (रिकामे) लिहून मोकळी करेपर्यंत तिथेच राहते. आता कल्पना करा, ऑफिसच्या जाळ्यातून आलेल्या एखाद्या ऊर्जाबचतीच्या सॉफ्टवेअरने पायरी ८ वर पंख्याचा वेग ४० टक्के लिहिला आणि पुढे त्या सॉफ्टवेअरचे कंत्राट संपले. सॉफ्टवेअर गेले, पण ४० टक्के राहिले. वेळापत्रक बरोबर, तापमानाचा सेन्सर बरोबर, कार्बन डायऑक्साइडचा सेन्सर बरोबर, तरी पंखा कोणाचेच ऐकत नाही. देखभालीची माणसे व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारे उपकरण) तपासतात, सेन्सर बदलतात, कधी मोटरही उतरवतात. दोष यादीच्या आठव्या पायरीवर बसलेला असतो. ज्या इमारतीत बाहेरचे कोणतेही सॉफ्टवेअर कंट्रोलरला लिहू शकते, तिथे दर महिन्याला सगळ्या आउटपुटच्या १ ते ८ या पायऱ्या वाचून काढल्याच पाहिजेत. बहुतेक बीएमएसमध्ये असा अहवाल निघतो. तो काढायची सवय नसते.

आता हल्ल्यांविषयी, कारण वर्तमानपत्रांत चर्चा त्यांचीच होते. २०१३ साली अमेरिकेतील टार्गेट या दुकानसाखळीतून सुमारे ४ कोटी कार्डांची माहिती चोरीला गेली. ‘एसीच्या यंत्रणेतून चोर शिरले’ असे आजही सांगितले जाते. ते तसे नाही. चोरांनी शीतकरणाचे काम करणाऱ्या कंत्राटदाराची ओळख वापरली, पण ती ओळख बिले आणि कंत्राटाची कागदपत्रे पाठवण्यासाठी दिलेली होती, यंत्रे चालवण्यासाठी नव्हे. धडा एसीचा नसून असा आहे की बाहेरच्या माणसाला दिलेल्या एका दारातून आत गेल्यावर पुढची दारे उघडी होती. त्याच वर्षी सिडनीतील गूगलच्या कार्यालयाची बीएमएस इंटरनेटवरून उघडी असल्याचे सुरक्षा संशोधकांनी दाखवले. त्या सॉफ्टवेअरमधल्या त्रुटीवरचा पॅच (दुरुस्ती) तयार होता, तिथे लावलेला नव्हता.

२०१६ च्या हिवाळ्याच्या तोंडावर फिनलंडमधील लाप्पेनरांता येथे दोन निवासी इमारतींचे हीटिंग बंद पडले. त्यांचे कंट्रोलर थेट इंटरनेटवर होते. संदेशांचा भडिमार झाला की ते रीस्टार्ट होत, उठले की पुन्हा भडिमार, पुन्हा रीस्टार्ट. कोणी कंट्रोलरमध्ये शिरण्याचीही गरज पडली नाही. २०२१ साली जर्मनीत केएनएक्स नावाच्या नियंत्रण पद्धतीच्या एका कार्यालयीन इमारतीत हल्लेखोरांनी शेकडो उपकरणांपैकी सुमारे तीन चतुर्थांश पुसून टाकली आणि त्यांच्यावर स्वतःची किल्ली बसवली. ही किल्ली म्हणजे उपकरणाला पुन्हा प्रोग्राम करण्यासाठी लागणारा ४ बाइटचा आकडा. मूळ मालकाने तो कधी बसवलाच नव्हता, म्हणून दुसऱ्याला बसवता आला. दिवे लावण्यासाठी माणसांना विजेच्या पॅनेलवरचे ब्रेकर हाताने फिरवावे लागले. जानेवारी २०२४ मध्ये युक्रेनमधील ल्विव्ह शहरात ६०० हून अधिक निवासी इमारतींना गोठवणाऱ्या थंडीत जवळपास दोन दिवस उष्णता मिळाली नाही. तिथे वापरलेला घातक प्रोग्राम मॉडबसच्या ५०२ या पोर्टवरून कंट्रोलरला सरळ आज्ञा देत होता. मॉडबसमध्ये तोडायला कुलूपच नाही.

ही उदाहरणे गंभीर आहेत. तरीही आमचे म्हणणे असे की इमारती रोजच्या रोज हल्लेखोरांमुळे बंद पडत नाहीत. दोन वेगळ्या सवयींची माणसे आणि यंत्रे एका तारेवर आली आणि कोणी कोणाला सांगितले नाही, यामुळे त्या बंद पडतात. ऑफिसचा संगणक चार-पाच वर्षांत बदलतो, कंट्रोलर १५ ते २० वर्षे भिंतीवर राहतो. ऑफिसचा संगणक रात्री दोन वाजता अपडेट होऊन रीस्टार्ट झाला तर कोणाचे बिघडत नाही. बीएमएसचा सर्व्हर रीस्टार्ट होऊन लॉगिनच्या पडद्यावर अडकला तर पहाटे पाचचे वेळापत्रक कोण पाठवणार? वेळापत्रक कंट्रोलरमध्ये न ठेवता सर्व्हरमध्ये ठेवलेले असेल, आणि पुष्कळ ठिकाणी तसेच असते, तर कर्मचारी येतात तेव्हा इमारत गरम असते.

आयटी विभाग जाळ्यातील त्रुटी शोधण्यासाठी नियमित स्कॅन चालवतो. हे योग्यच आहे. पण जुन्या कंट्रोलरची मेमरी आणि त्यातले टीसीपीचे (जाळ्यावरच्या जोडण्या सांभाळणारे) सॉफ्टवेअर इतके तुटपुंजे असते की एका सेकंदात शेकडो जोडण्या मागितल्या की तो गोठतो. तो वीज बंद-चालू केल्याशिवाय उठत नाही आणि त्याचे पॅनेल असते छताच्या आत. म्हणून बीएमएसच्या पत्त्यांवर सरसकट स्कॅन लावू नये. स्विचवर मिरर पोर्ट (इतरांच्या संदेशांची प्रत देणारी खाच) घेऊन नुसते ऐकावे. वायरशार्कसारखे साधन बॅकनेटचे संदेश उलगडून दाखवते आणि आठवडाभर ऐकले की कोण कोणाशी बोलतो याचे बऱ्यापैकी चित्र मिळते.

सगळ्यात जास्त वेळ खाणारा घोळ ब्रॉडकास्टचा, म्हणजे सगळ्यांना एकदम मारलेल्या हाकेचा. ‘कोण आहे?’ हा पुकारा राउटर ओलांडत नाही. म्हणून प्रत्येक सबनेटमध्ये (राउटरने वेगळ्या केलेल्या जाळ्याच्या भागात) बीबीएमडी नावाचे एक काम एखाद्या उपकरणाला दिलेले असते. ते हा पुकारा उचलते आणि पलीकडच्या सबनेटमधल्या जोडीदाराला थेट पाठवते. जोडीदारांच्या यादीत आयपी पत्ते लिहिलेले असतात. आयटी विभागाने पत्त्यांची फेररचना केली आणि बीबीएमडीचा पत्ता बदलला की यादी खोटी ठरते. गंमत म्हणजे त्या दिवशी काहीच बिघडत नाही. सर्व्हरला कंट्रोलरचे पत्ते आधीपासून आठवत असतात, तो थेट बोलत राहतो. तीन आठवड्यांनी वीज जाते, सर्व्हर पुन्हा सुरू होतो, सगळ्यांना नव्याने हाक मारतो आणि अर्धी इमारत उत्तर देत नाही. तोवर पत्त्यांचा बदल सगळे विसरलेले असतात, त्यामुळे दोष विजेवर येतो. यावर उपाय सोपा आहे. बीबीएमडीला कायमचा पत्ता द्यावा, एका सबनेटमध्ये एकच बीबीएमडी ठेवावा, आणि जाळ्यात कोणताही बदल केला की त्याच दिवशी, दोन्ही विभागांची माणसे हजर असताना, सर्व्हर मुद्दाम रीस्टार्ट करून पाहावा. एका सबनेटमध्ये दोन बीबीएमडी झाले तर तोच संदेश दुहेरी फिरू लागतो. बॅकनेटच्या त्याच दोन जाळ्यांमध्ये दोन राउटर आले तर त्याहून वाईट, कारण फेरा तोडण्याची सोय बॅकनेटमध्ये नाही. संदेशाच्या उड्या मोजणारा आकडा २५५ वरून शून्यावर येईपर्यंत तो गरगरत राहतो. वरचे जाळे १०० मेगाबिटचे असते, त्याला काही वाटत नाही. खाली ३८४०० च्या लायनीवर सेकंदाला जेमतेम ३८४० बाइट जातात, ती लायन गुदमरते.

दोन इमारती एका जाळ्यात आणताना क्रमांकांची टक्कर होते. प्रत्येक बॅकनेट उपकरणाला ० ते ४१९४३०२ मधला एक क्रमांक असतो आणि तो साऱ्या जोडलेल्या जाळ्यात एकमेव असावा लागतो. पहिल्या कंत्राटदाराने १, २, ३ दिलेले, दुसऱ्यानेही १, २, ३ दिलेले. जोडल्यावर स्क्रीनवर पाचव्या मजल्याचे तापमान म्हणून कधी इथले, कधी तिथले दिसते. प्रत्येक एमएस/टीपी (आरएस-४८५ च्या तारेवरच्या बॅकनेट) लायनीलाही १ ते ६५५३४ मधला स्वतंत्र जाळे-क्रमांक लागतो, त्याचीही हीच गत. जोडणीच्या आधी कागदावर ठरवून घ्यावे. उदाहरणार्थ इमारत १२, लायन ०३, उपकरण ०७ म्हणजे १२०३०७. पंधरा मिनिटांचे काम आहे. नंतर हेच दुरुस्त करायला प्रत्येक ग्राफिक, प्रत्येक ट्रेंड, प्रत्येक अलार्म पुन्हा जोडावा लागतो.

दोन जाळ्यांमधली वाहतूक अडवणारी-सोडणारी फायरवॉल मध्ये आली की आणखी एक प्रकार दिसतो. सर्व्हर कंट्रोलरला सांगतो, ‘किंमत बदलली की कळव.’ कंट्रोलर ‘हो’ म्हणतो आणि किंमत बदलेपर्यंत गप्प बसतो. दरम्यान फायरवॉल अर्ध्या मिनिटात किंवा दोन-तीन मिनिटांत हे संभाषण संपले असे मानते. वीस मिनिटांनी कंट्रोलर अलार्म पाठवतो, तो फायरवॉलला अनाहूत वाटतो आणि ती तो टाकून देते. स्क्रीनवर सगळे हिरवे. म्हणून यूडीपी ४७८०८ चा नियम सर्व्हर आणि कंट्रोलर यांच्यात दोन्ही दिशांनी लिहावा लागतो, एका दिशेने पुरत नाही. पत्ते बदलणारी नॅटची सोय मात्र मध्ये ठेवू नये, कारण बीबीएमडीच्या संदेशात मूळ पाठवणाऱ्याचा पत्ता आतच लिहिलेला असतो आणि नॅट झाल्यावर तो निरुपयोगी ठरतो. मॉडबस गेटवेचे, म्हणजे मॉडबसची तार आयपी जाळ्याला जोडणाऱ्या पेटीचे, दुखणे याच्या उलट. त्याला एका वेळी मोजक्याच, अनेकदा ४ किंवा ८, जोडण्या पेलतात. फायरवॉलने मधल्या मध्ये जोडणी तोडली तरी गेटवेला ते कळत नाही, तो जुनी जोडणी धरून बसतो. चार वेळा असे झाले की नवी जोडणी घेत नाही, आणि विजेचे सगळे मीटर एकदम दिसेनासे होतात. गेटवेवर निष्क्रिय जोडणी सोडण्याची वेळ फायरवॉलपेक्षा कमी ठेवली की हे थांबते.

स्विचवर ‘एका पोर्टला (केबलच्या खाचेला) एकच मॅक पत्ता (उपकरणाचा कायमचा पत्ता)’ हा नियम ऑफिससाठी उत्तम आहे. पण नव्या आयपी कंट्रोलरना दोन पोर्ट असतात आणि ते साखळीने जोडतात, म्हणून एका स्विच-पोर्टमागे दहा कंट्रोलर असतात. नियम लागू झाला की स्विच तो पोर्ट बंद करतो आणि आख्खा मजला जातो. हा दोष कोणाचाच नाही. साखळी आहे हे आयटीला कोणी सांगितले नव्हते.

एका गोष्टीवर आम्ही विशेष भर देऊ इच्छितो, कारण तिच्यामुळे माणसांना खरोखर त्रास होतो: जाळे तुटल्यावर कंट्रोलर काय करतो. बाहेरच्या हवेचे तापमान बहुधा एकाच सेन्सरवर मोजतात आणि ते जाळ्यावरून सगळ्या एएचयूंना (हवा थंड-गरम करून खेळवणाऱ्या यंत्रांना) देतात. जाळे गेले की काही कंट्रोलर शेवटची किंमत धरतात, काही शून्य वाचतात. शून्य वाचणाऱ्याला वाटते बाहेर बर्फ पडतो आहे. तो ताज्या हवेचा डॅम्पर (झडप) बंद करतो, गरम पाण्याचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडतो, आणि बाहेर ऊन तापलेले असते. प्रत्येक जाळ्यावरून येणाऱ्या किमतीला प्रोग्राममध्ये पर्याय लिहिलेला असला पाहिजे: अर्धा तास शेवटची किंमत, त्यानंतर एक ठरवलेली सुरक्षित किंमत, आणि सोबत अलार्म. कमिशनिंगच्या (यंत्रणा पहिल्यांदा सुरू करून तपासण्याच्या) वेळी हे तपासायला केबल काढून बघावी लागते आणि नेमके तेच कोणी करत नाही.

सुरक्षेची आज्ञा तर जाळ्यावरून जाताच कामा नये. आगीचा इशारा मिळाल्यावर एएचयू थांबवणे, चिलरचा फ्लो स्विच, डक्टमधील दाब वाढल्यावर पंखा तोडणारा स्विच, कॉइल गोठण्यापासून वाचवणारा थर्मोस्टॅट हे सगळे प्रत्यक्ष तारेने आणि रिलेने जोडलेले असावे. बीएमएसने त्यांची अवस्था फक्त वाचावी. ‘आयपीवर आहेच, मग वेगळी तार कशाला’ हा युक्तिवाद ज्या बैठकीत होईल, तिथे त्याला त्याच वेळी नकार द्यावा.

असेच एक चक्र सर्व्हर रूममध्ये लपलेले असते. त्या खोलीचे कूलिंग बीएमएस सांभाळते. बीएमएसचे लॉगिन कंपनीच्या डिरेक्टरीवरून (कर्मचाऱ्यांच्या खात्यांच्या यादीवरून) तपासले जाते. डिरेक्टरीचा सर्व्हर त्याच खोलीत असतो. कूलिंग गेले, खोली तापली, सर्व्हर स्वतःला वाचवायला बंद झाला, आणि आता कूलिंग चालू करायला ऑपरेटरला लॉगिन होत नाही. म्हणून कंपनीच्या डिरेक्टरीशी कितीही जोडा, बीएमएसवर एक स्थानिक खाते राहू द्या, त्याचा पासवर्ड बंद लिफाफ्यात प्लांट रूमच्या प्रमुखाकडे ठेवा आणि तो वापरला की बदला.

मग जोडायचे कसे? पहिले काम यादीचे. प्रत्येक पॅनेल उघडून कंट्रोलरचे मॉडेल, फर्मवेअर, आयपी, मॅक, बॅकनेट क्रमांक, जाळे-क्रमांक, कोणत्या स्विचच्या कोणत्या पोर्टला जोडला आहे, हे लिहावे. याच फेरीत पॅनेलमध्ये लपलेले सिमकार्डचे राउटर सापडतात. कधी काळी कंत्राटदाराने लांबून दुरुस्ती करण्यासाठी बसवलेले, त्यांचा पासवर्ड कारखान्यातून आलेला तोच. ते काढून टाकावेत, अपवाद न करता.

नंतर बीएमएसला स्वतंत्र व्हीलॅन (त्याच स्विचवर आखलेले वेगळे जाळे) द्यावे, पण तिथेच थांबू नये. मधला स्विच सगळ्या व्हीलॅनमध्ये वाहतूक मोकळी सोडत असेल तर व्हीलॅन म्हणजे नुसती वेगळी पाटी. दोन जाळ्यांमध्ये फायरवॉल हवी आणि तिचा पहिला नियम ‘सर्व बंद’ असावा. ऑफिसमधल्या माणसाला बीएमएसची पाने बघायची असतील तर त्याला सर्व्हरच्या ४४३ पोर्टपर्यंत जाऊ द्यावे. ४७८०८, ५०२, केएनएक्सचा ३६७१, नायगारा या बीएमएस सॉफ्टवेअरचा १९११ यांपैकी काहीही ऑफिसच्या बाजूने कंट्रोलरपर्यंत जाऊ देऊ नये. ऊर्जेचे आकडे हवे असतील तर सर्व्हरने ते बाहेर ढकलावेत, बाहेरच्या सॉफ्टवेअरने आत येऊन घेऊ नयेत. कंट्रोलरना इंटरनेट लागत नाही. त्यांना घड्याळाची वेळ लागते, ती आतल्या एनटीपी (वेळ पुरवणाऱ्या) सर्व्हरवरून द्यावी.

कंत्राटदाराला लांबून यायचे असेल तर व्हीपीएन (कूटबद्ध जोडणी), दोन टप्प्यांची ओळख, आणि प्रत्येक माणसाला वेगळे खाते. ‘सर्व्हिस’ नावाचे सामाईक खाते नको. खाते एरवी बंद, फोन करून मागितल्यावर चार तासांसाठी चालू. तो एका मधल्या संगणकावर उतरेल आणि तिथून पुढे जाईल, आपला लॅपटॉप सरळ कंट्रोलरच्या जाळ्यात आणणार नाही.

बॅकअपबाबत एक गैरसमज मोठा आहे. सर्व्हरचा डेटाबेस जपला म्हणजे सगळे जपले असे वाटते. कंट्रोलरमधला प्रोग्राम वेगळा असतो आणि काही बनावटींच्या कंट्रोलरमधून तो मूळ रूपात परत काढताच येत नाही. मूळ फाइल ज्याने लिहिली त्याच्या लॅपटॉपवर असते. ती फाइल, प्रोग्रामिंगच्या साधनाचा परवाना आणि सर्व पासवर्ड हस्तांतराच्या वेळीच मालकाच्या ताब्यात यायला हवेत, अंतिम बिल त्यावर अडवावे. एक कोरा कंट्रोलर शेल्फवर ठेवून वर्षातून एकदा त्यावर प्रोग्राम चढवून पाहावा.

बॅकनेटची सुरक्षित आवृत्ती, बॅकनेट एससी, २०१९ साली मानकात आली आणि २०२० च्या आवृत्तीत समाविष्ट झाली. तिच्यात टीएलएस १.३ ची कूटभाषा आहे, प्रत्येक उपकरणाला प्रमाणपत्र आहे, ब्रॉडकास्टची आणि बीबीएमडीची कटकट नाही. सगळी उपकरणे एका हबला जोडतात, तो पडला तर दुसऱ्या राखीव हबला. नव्या कामात ती घ्यावीच. पण विक्रेता सांगतो तितके ते सोपे नाही. प्रमाणपत्राला मुदत असते. ४०० कंट्रोलरची प्रमाणपत्रे एकाच दिवशी काढली तर ती एकाच दिवशी संपतील. ती कोण बदलणार, कोणत्या साधनाने, हे आधी लिहून घ्या. शिवाय घड्याळ: बॅटरी संपलेला कंट्रोलर वीज जाऊन आल्यावर जुन्याच तारखेला उठतो, त्याला स्वतःचे आणि हबचे प्रमाणपत्र ‘अजून लागू नाही’ असे दिसते आणि तो जाळ्यात येत नाही. आणि खालच्या एमएस/टीपी लायनी जुन्याच राहणार असतील तर त्या लायनीवर कोणी क्लिप लावून बोलू लागला तर एससी त्याला रोखत नाही.

जबाबदारीच्या वाटणीबद्दल आमचे मत स्पष्ट आहे. तार, स्विच, फायरवॉल, खाती हे आयटीचे. कंट्रोलर, प्रोग्राम, आउटपुट हे देखभालीचे. पण ज्या बदलाने यंत्र थांबू शकते, त्या बदलाची वेळ ठरवण्याचा अधिकार प्लांट चालवणाऱ्याचा असावा. अपडेट जरूर लावा. बीएमएसचा संगणक विंडोज ७ वर असेल तर त्याचा आधार जानेवारी २०२० मध्येच संपला आहे, तो बदला. पण तारीख हवामान बघून ठरवा, आणि त्या वेळी प्लांट रूममध्ये माणूस उभा असू द्या. प्रत्येक मोठ्या मोटरच्या पॅनेलवर हँड-ऑफ-ऑटो (हाताने चालू, बंद, आपोआप) स्विच असावा आणि तो चालतो का हे दर सहा महिन्यांनी फिरवून बघावे. नव्या पॅनेलमधून तो स्विच ‘आता सगळे स्क्रीनवरून होते’ म्हणून वगळला जातो आहे, हे आम्हाला फार खटकते.

स्मार्ट इमारतींवर लिहिणाऱ्या आपल्या प्रतिनिधींना एक विनंती. पुढच्या वेळी अशी इमारत पाहायला गेल्यावर दिवाणखान्यासारख्या कंट्रोल रूममधल्या पडद्यांवर थांबू नका. बीएमएसच्या सर्व्हरच्या मागे जा. तिथे दोन नेटवर्क केबल लावलेल्या असतील तर एक कंट्रोलरकडे जाते आणि दुसरी ऑफिसकडे, आणि मधली फायरवॉल ओलांडण्याचीही गरज नाही, कारण तो संगणकच दोन्ही जाळ्यांत पाय ठेवून उभा आहे. त्या दुसऱ्या केबलवर लेबल आहे का, आणि ती कोणी, कधी, कोणाच्या सहीने लावली, हे तिथल्या माणसांना विचारा.

आपले,
इमारतींच्या नियंत्रण यंत्रणा आणि संगणक जाळी या दोन्ही बाजूंना काम करणारे काही अभियंते